थडगी बांधणाऱ्यांची थडगी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीचा एक चपटा तुकडा आहे. दोन्ही बाजूंनी शाईनं बारीक लिहिलेला. काळ्या शाईत चाळीस माणसांची नावं आणि तारखा, त्या तारखांच्या डोक्यावर तांबड्या शाईत कारणं. विंचू चावला. डोळे दुखताहेत. घरी बिअर गाळत होता. आईच्या शवाला कापड गुंडाळत होता. मंडळी, ही कामावरची हजेरी आहे. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या राजवटीचं 40वं वर्ष, म्हणजे इ.स.पूर्व 1240च्या आसपास.

इजिप्तच्या दफनाविषयी बोलायचं म्हटलं की सुरुवात तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यापासून होते. मी मुद्दाम या हजेरीपासून करतोय. मेल्यानंतरच्या जगण्यावर त्या लोकांचा विश्वास किती खोल होता, हे राजाच्या सोन्यावरून ठरवता येत नाही. राजाला सगळंच परवडतं. ते बघायचं तर धान्यावर जगणाऱ्या माणसाकडे जायला हवं.

ही माणसं देर अल-मदिनाची. आजच्या लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीत भिंतीनं वेढलेलं हे गाव. भिंतीच्या आत साधारण 68 घरं. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे, गिलावा करणारे, चित्रं काढणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या इथं राहिले. गावात विहिरीला पाणी नाही, शेत नाही. पाणी गाढवांवरून यायचं, पगार धान्यात मिळायचा: महिन्याला चार पोती गहू, दीड पोतं जव. हा गहू म्हणजे आपल्याकडची खपली, तीच जात. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार्ड ब्रुयेर यांनी 1922 ते 1951 या काळात हे गाव उकरून काढलं. इथं हजारो खापऱ्या आणि दगडाचे तुकडे मिळाले. त्यांच्यावर उधाऱ्या आहेत, भांडणं आहेत, धोब्याला दिलेल्या कपड्यांच्या याद्या आहेत. प्राचीन जगातल्या कुठल्याही कामगारवस्तीविषयी आपल्याला इतकं क्वचितच माहीत असेल.

काम कसं चालायचं? दहा दिवसांचा आठवडा. आठ दिवस काम, आणि त्या रात्री डोंगरावरच्या दगडी झोपड्यांत मुक्काम. दोन दिवस घरी. जहाजावरच्या खलाशांसारख्या दोन टोळ्या, उजवी आणि डावी. तांब्याच्या छिन्न्या सरकारी मालकीच्या, त्यामुळे देताना आणि परत घेताना वजन व्हायचं. खडकाच्या पोटात उजेड हवा म्हणून जुन्या कापडाच्या वाती चरबीत भिजवून जाळायच्या, आणि त्याही मोजून. किती वाती खर्च झाल्या, लेखनिक लिहून ठेवायचा.

होरेमहेब राजाच्या थडग्यात काही भिंती अर्धवट राहिल्या आहेत. त्या मला पूर्ण झालेल्या भिंतींपेक्षा जास्त आवडतात. तांबड्या रंगात चौकटी आखलेल्या, त्यावर तांबड्याच रंगात शिकाऊ हाताची आकृती, आणि तिच्यावर उस्तादानं काळ्या रेषेनं केलेली दुरुस्ती. खांदा थोडा वर घेतलाय, बोटाची वळणं नीट केली आहेत. पुढं छिन्नी लागलेली दिसते आणि काम थांबतं. राजा गेला की मोजकेच दिवस उरायचे. नेमानं झालेल्या ममीकरणाला 70 दिवस धरत, त्यानंतर दार बंद.

आणि सुट्टीच्या दिवशी हीच माणसं गावामागच्या टेकडीत स्वतःसाठी खोदायची. 1886 साली सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं जसंच्या तसं सापडलं. कमानीच्या छताची एवढीशी खोली, साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. पिवळ्या पार्श्वभूमीवर चित्रं इतकी ताजी की कालच रंग वाळला असावा. एका भिंतीवर इआरूची शेतं आहेत, म्हणजे त्यांचा परलोक. सेन्नेजेम बैलांचा नांगर धरून चाललाय, मागून त्याची बायको इयनेफेर्ती बी टाकते आहे. पुढं दोघं कापणी करताहेत, जवस उपटताहेत. अंगात पांढरीशुभ्र, चुण्यांची तलम वस्त्रं! ज्याच्या घरचं धान्य सरकारी कोठारातून यायचं, आयुष्य खडकाच्या धुळीत गेलं, त्यानं स्वर्गात मागितलं काय, तर पाटाचं पाणी, फळांनी लगडलेली झाडं आणि स्वतःचं शेत.

पण त्याच खोलीत एक गोष्ट आहे, तिच्याकडे चित्रांमुळे दुर्लक्ष होतं. तिथं वीस देह होते, सगळे त्याच कुटुंबातले. पेट्या मिळाल्या नऊ जणांना. बाकीचे अकरा नुसते कापडात गुंडाळलेले. साधी रंगवलेली पेटी गावात 25-30 देबेन (देबेन हे तिथलं वजनाचं माप) तांब्याच्या मोलाला पडायची, म्हणजे अडीच-तीन महिन्यांचा पगार. पेट्या रंगवणाऱ्यांच्या घरातही प्रत्येकाला पेटी मिळत नव्हती.

ममीचंही तसंच. नाकातून मेंदू काढणं, डाव्या कुशीला छेद देऊन आतडी, यकृत, फुप्फुसं वेगळ्या बरण्यांत ठेवणं, हृदय मात्र शरीरातच राहू देणं, नॅट्रॉन या क्षारात देह सुकवणं हा थाट राजा-सरदारांचा. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत तर काळी मिरी सापडली. नाकाचा बाक मोडू नये म्हणून भरलेली. काळी मिरी त्या काळी पिकायची दक्षिण भारतात. मलबारच्या वेलीवरचे ते दाणे कुणाकुणाच्या हातातून इजिप्तच्या शवागारात पोहोचले असतील, या विचारानं मी दर वेळी थबकतो.

पगार थकला की हे गाव उठायचं. तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि राजांच्या स्मृतिमंदिरांमागं जाऊन बसले. भुकेनं आणि तहानेनं आम्हाला इथं आणलं, अंगाला कापड नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे त्यांचं म्हणणं लेखनिकानं टिपलं. तो पपायरस आज इटलीत तुरीनला आहे. नोंद झालेला जगातला पहिला संप बहुधा हाच.

याच गावातल्या वारशाच्या एका भांडणात फारोचा कायदा सांगितला आहे: जो पुरेल, त्याला मालमत्ता. एकानं आईला स्वतःच्या खर्चानं पुरलं, पेटी दिली, भावंडं फिरकली नाहीत, आणि नंतर वाटणी मागायला आली. निकालाचा आधार एवढाच, की पेटी कुणी दिली?

आणखी एका पेटीविषयी सांगतो. तुरीनच्याच संग्रहालयात खा आणि मेरित हे जोडपं आहे. खा इथल्या कारागिरांचा प्रमुख. 1906 साली एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना त्यांची खोली न लुटलेली सापडली. पलंग, पाव, विग, खाचा मोजपट्टीचा दांडा, घडीचं स्टूल, धुतलेल्या लंगोटांचा ढीग. मेरित आधी गेली, आणि तिची पेटी तयार नव्हती. तिला जिच्यात ठेवलं ती खासाठी बनलेली, त्याच्याच नावाची. पेटी तिला मोठी पडली. कडेची रिकामी जागा कापडानं घट्ट भरली आहे, आणि त्या कापडावर खाची खूण आहे.