कापसाची काडी आणि शंभर मीटर

सकाळचे सव्वासहा. ठाण्याचं दादोजी कोंडदेव स्टेडियम. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी स्पाइक्सच्या नाड्या तिसऱ्यांदा आवळतेय. कडेला वडील उभे. एका हातात तिची पाण्याची बाटली, दुसऱ्यात मोबाइल. मोबाइलवर जाहिरात: गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पाठवा, मूल कोणत्या खेळासाठी जन्मलंय ते जनुकावरून सांगतो.

“सर, करून घेऊ का?”

स्टॉपवॉचवरची नजर न काढता सर म्हणतात, “आधी स्टार्ट बघू द्या.”

जाहिरातीतलं जनुक खोटं नाही. नाव एसीटीएन-३, मुक्काम अकराव्या गुणसूत्रावर. झटक्यात आकसणाऱ्या स्नायुतंतूंना लागणारं एक प्रथिन त्याच्यावरून बनतं. एक प्रत आईची, एक वडिलांची. दोन्ही निकामी असल्या तर प्रथिन बनतच नाही. आजार मात्र काही होत नाही. जगात दर पाच-सहा माणसांत एक जण असा असतो. ठाणे स्टेशनचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरणाऱ्यांतही असणारच. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना अव्वल स्प्रिंटर्समध्ये अशी माणसं जवळपास सापडलीच नाहीत, आणि ‘वेगाचं जनुक’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग स्पेनचा एक लांब उडीवाला निघाला. ऑलिंपिक खेळलेला, अंगात हे प्रथिन नाही. उडी? ८.२६ मीटर!

‘खाण तशी माती’ म्हणायला उंचीइतकं सोपं उदाहरण नाही. तिचाही हिशेब बघा. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएतून उंचीशी जोडलेले बारा हजारांवर बारीक फरक हाती आले. एकेकाचा वाटा अगदी चिमूटभर. सगळे जमेस धरले तरी युरोपीय वंशाच्या लोकांतल्या उंचीच्या फरकाचा जेमतेम चाळीस टक्के उलगडा होतो, इतरांचा त्याहून कमी. आणि उंची तर भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून मोजता येते. धावण्यात फुप्फुसं आली, झोप आली, जेवण आलं, जुलैतला चिखल आला.

एकाच जनुकाने मोठा हात दिल्याची उदाहरणं विरळा. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँटीरांता हे त्यातलं एक. वारशाने आलेल्या बदलामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरमसाट. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं. घराण्यात तोच बदल आणखी कितीतरी जणांत होता. बहुतेकांनी पदकाचं तोंडही पाहिलं नाही.

पोर किती पळतं हे बघायला त्याला पळवावं, हा साधा उपाय आम्हाला अजून त्या काडीपेक्षा खात्रीचा वाटतो.

शिट्टी. मुलगी सुटते.

“मागचा पाय उशिरा सुटतोय,” सर ओरडतात. “परत!”

ती कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, सुरुवातीच्या रेषेकडे चालू लागते. वडील बाटलीचं झाकण उघडून ठेवतात.