ढोल हजार, ठोका एक

नमस्कार श्रोतेहो. पोटावर गार जेल लावून सोनोग्राफी करून घेतलेले तुमच्यात पुष्कळ जण असतील. इथे नाशिकमध्ये माझं रोजचं काम तेच. "मॅडम, हे चिकट कशाला लावता?" असं दिवसातून चारदा तरी कुणी विचारतंच. प्रोब आणि कातडीमध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी ध्वनिलहरी तिथूनच माघारी फिरतात, म्हणून. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

कानाला ऐकू न येणारा हाच ध्वनी एका बिंदूवर एकवटला, की तिथल्या पेशी ६० अंशांच्या आसपास तापून मरतात. वाटेतल्या पेशी मात्र शाबूत राहतात. चिरफाड न करता उपचार करायची ही युक्ती, फोकस्ड अल्ट्रासाउंड. कशा? आपला नाशिक ढोल आठवा. समजा, हजार ढोलवाले शहरभर गल्लोगल्ली उभे केले. लांबच्याने टिपरू जरा आधी मारायचं, जवळच्याने किंचित मागून. मग सगळे ठोके रामकुंडावर एकाच क्षणी पोचतील. गल्लीत ऐकू येईल एकच ढोल, रामकुंडावर हजार. मेंदूच्या उपचारात डोक्याभोवती जे शिरस्त्राण बसवतात, त्यात असे १०२४ ध्वनिस्रोत असतात. कवटी कुठे जाड, कुठे पातळ, ते सीटी स्कॅनवरून बघून प्रत्येकाची वेळ लावतात.

पंचवटीतल्या माझ्या मावशीचे हात थरथरतात. कपातला चहा बशीत ओतायचा, तर अर्धा ओट्यावर सांडतो. हा पार्किन्सन नव्हे, एसेन्शियल ट्रेमर. त्यासाठी या उपचाराला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. पेशंट एमआरआयमध्ये जागाच असतो. आधी मेंदूतल्या कंपाच्या जागेला हलकीच ऊब देतात आणि विचारतात, ओठ बधिर वाटतात का, जीभ जड होते का? कागदावर चकलीसारखी वेटोळी काढायला लावतात. हात थांबलेला दिसला आणि दुसरा त्रास नसला, तरच उष्णता वाढवतात. मेंदूत किती ऊब पोचली, ते एमआरआय तिथल्या तिथे दाखवतो.

यकृताच्या गाठीसाठी तर रोबोट आला आहे. डॉक्टर पडद्यावर गाठीची हद्द आखतात, आणि रोबोटचा हात ध्वनीचा झोत त्या हद्दीत बिंदूबिंदूने फिरवतो. इतकी बारीक, न थकणारी चाल माणसाच्या हाताला जमणं अवघडच. ही हिस्टोट्रिप्सी, अमेरिकेत तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. यात भाजणं नाही. ध्वनीच्या क्षणार्धाच्या धक्क्यांनी आत बुडबुडे उठतात, फुटतात, पेशींचा लगदा होतो आणि शरीर तो हळूहळू शोषून घेतं. ते बुडबुडे सोनोग्राफीत उजळ ढगासारखे दिसतात. काम नेमकं कुठे चाललंय, ते डोळ्यांसमोर असतं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

पण बिनटाक्याचा उपचार म्हणजे बिनधोक उपचार, असं कृपा करून समजू नका. मघाची हवा आठवा. वाटेत आतड्यातला गॅस आला, तर ध्वनी पुढे जात नाही. केसांत हवा अडकते, म्हणून डोक्याच्या उपचाराआधी मुंडण करावं लागतं. कुणाची कवटीच ध्वनीला वाट देत नाही. काहींना नंतर बधिरपणा राहतो, चालताना तोल जातो, काहींचा कंप परतही येतो. आणि शरीरभर पसरलेला कर्करोग एका बिंदूवर नेम धरून बरा होत नाही. कुणी जाहिरात दाखवली, तर आपल्या न्यूरॉलॉजिस्टला किंवा सर्जनला एवढं विचाराच: माझ्या आजाराला हे लागू आहे का?

मावशीने परवा विचारलं, "अगं, डोक्याला भोक पाडणार का गं?" म्हटलं, "नाही गं, आत जाईल तो फक्त आवाज." पुढच्या आठवड्यात तिच्या कवटीचा सीटी आहे. काल तिच्याकडून एक वेटोळं काढून घेतलं. रेघ सगळी करवतीच्या दात्यांसारखी आली. खाली तारीख घालून तो कागद मी तिच्या फायलीत ठेवलाय.