वाजस पन चालस

(पडदा काळा. फक्त आवाज.)

कर्रर्र... कट्. पुन्हा कर्रर्र.

आमच्या एडिटरनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, जात्यात खडा आलाय.

(दृश्य: अमळनेर तालुक्यातलं एक गाव. ओटा. पाटावरून उठणारी बाई, फक्त गुडघ्यापासून खाली.)

हा मोठीमायचा उजवा गुडघा आहे. मोठीमाय म्हणजे माझी मोठी चुलती. वय ६७. वाटीच्या खाली कॉलर माइक चिकटपट्टीनं बसवलाय, म्हणून आवाज एवढा मोठा येतोय. एरवी शेजारी बसलेल्यालाही तो जेमतेम ऐकू जातो. तिला स्वतःला मात्र तो कायम असाच ऐकू येत असावा.

आयुष्य निंदणीत गेलं. हातात विळा, उकिडवं बसायचं आणि तसंच एकेक पाऊल सरकत वावराचं हे टोक ते ते टोक. उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या, त्याही उकिडव्यानंच. तीन वर्षांपूर्वी गुडघा दुखायला लागला तेव्हा तिनं दुखण्याचं फारसं मनावर घेतलं नाही. घाबरली ती आवाजाला.

(दृश्य: खिडकीच्या उजेडात धरलेला एक्स-रे.)

एका दवाखान्यात फोटो काढला. सांधेवात, गादी घासलीय, असं सांगितलं. ते खरंच होतं. पण पुढे हेही सांगितलं की आवाज येतोय म्हणजे वंगण संपलंय, आता जास्त चालू नका, वापराल तेवढी झीज होईल. मोठीमायनं बैलगाडीत जन्म काढलेला. वंगणाशिवाय आस कसा झिजतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती बसली. चार महिने ओट्यावर बसून राहिली. कुणीतरी बाभळीच्या शेंगांची पावडर आणून दिली, तो डबा अजून फडताळात आहे. चार महिन्यांनी तिला पाटावरून उठताना भिंत धरावी लागायला लागली.

आता गुडघा काही बैलगाडीचा आस नाही. सांध्यातल्या गादीला, म्हणजे कूर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण होतं सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आत शिरायला दाब पडणं आणि सुटणं लागतं. म्हणजे हालचालच लागते.

आवाजाचं म्हणाल तर तोही एक नाही. मांडीच्या हाडाला पुढून एक खाच असते, वाटी त्या खाचेतून वरखाली सरकते. वाटीची आतली बाजू खडबडीत झाली की करकर येते, आणि उकिडवं बसताना वाटीवरचा दाब वाढतो म्हणून तेव्हा जास्त येते. सुटा ‘कट्’ वेगळा. कधी स्नायूला हाडाशी बांधणारी एखादी दोरी, म्हणजे कंडरा, हाडाच्या उंचवट्यावरून घसरते. कधी सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडताना एमआरआयखाली अशी पोकळी तयार होताना टिपली होती. आणि कानाला ऐकू न येणारी बारीक थरथर तर अगदी धडधाकट गुडघ्यांतही यंत्राला सापडते.

(दृश्य: अंगणात भिंतीला टेकवलेली प्लॅस्टिकची खुर्ची. फोनवर स्टॉपवॉच.)

आम्ही एक साधी परीक्षा घेतली. फिजिओथेरपिस्ट नेहमी घेतात ती. हात छातीवर आडवे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं, ते मोजायचं. या वयाच्या बाईला ११ पेक्षा कमी जमलं तर पायांत ताकद कमी, असा एक अमेरिकी कोष्टक सांगतो. मोठीमाय प्रत्येक उठण्याला करकरली. बारा.

मग शेजारचे आबा म्हणाले, मी पण. वय तिच्याएवढंच. गुडघा दुखतो, पण वाजत नाही, याचा त्यांना जरा अभिमानही आहे. आबा आठव्याला थांबले.

(ओट्यावर हशा.)

दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणून जरा लांब जाऊ. अमेरिकेत २००४ पासून ४,७९६ लोकांच्या गुडघ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली, वय ४५ ते ७९. त्या माहितीतून संशोधकांनी सांधेवात असलेले लोक निवडले आणि गुडघा वाजणारे व न वाजणारे शेजारी ठेवले. जिने चढता का, खाली बसता का, असं विचारल्यावर वाजणाऱ्यांनी स्वतःला कमी गुण दिले. फरक लहान, पण होता. मात्र घड्याळ लावून चालायला आणि खुर्चीवरून उठायला सांगितलं, तर दोन्ही गट जवळपास सारखेच. तीन वर्षांत सांधा बदलायची वेळ कुणावर आली, हेही पाहिलं. आवाजाचा त्याच्याशी संबंध दिसला नाही.

म्हणजे गुडघ्याला जमत होतं, माणसाला वाटत नव्हतं. मोठीमायचे ते चार महिने मला इथे कळले.

पण आवाज अगदीच बिनकामाचा, असंही मी म्हणणार नाही. त्याच माहितीवरच्या दुसऱ्या अभ्यासात, आधी दुखरा सांधेवात नसलेल्यांपैकी ज्यांचा गुडघा सतत वाजायचा, त्यांना पुढच्या चार वर्षांत तो होण्याची शक्यता कधीच न वाजणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाली. तेव्हा कान द्यावा, पण घर धरून बसू नये. गुडघा सुजला, अडकला, चालता चालता दगा देऊ लागला, पडल्यावर किंवा मुरगळल्यावर वाजायला लागला, तर डॉक्टर गाठायचाच. लाल होऊन तापला, अंगात ताप आला, तर त्याच दिवशी.

(दृश्य: मोठीमाय खुर्चीवर बसून पाय सरळ करते, धरते, सोडते. मांडीचा जवळून शॉट.)

तिला पुढे एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं उठवलं. औषध नाही, मशीन नाही. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करायचा, खुर्चीवरून उठबस, सकाळ-संध्याकाळ. वजनाचंही तिनं समजावलं: किलोभर उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. मोठीमायनं ते ऐकलं आणि त्या दिवशी शेवभाजीवरची तर्री काढून माझ्या ताटात टाकली.

दुखणं गेलं का? नाही. निंदणीला ती आता उकिडवी बसत नाही, ते काम सुनेकडे गेलं. कापूस वेचणी उभ्यानं होते, तिथं ती जाते. आवाजाचं विचारलं तर म्हणते, “वाजस तर वाजू दे. वाजस पन चालस ना!”

(दृश्य: फाटक उघडून बाहेर पडणारी पाठमोरी आकृती. कमरेला ओटी बांधलेली.)

शूटिंग आटोपलं, चहा झाला. वेचणीला उशीर होतोय म्हणून ती घाईनं निघाली, आणि आमचा माइक तिच्या गुडघ्यावरच राहिला. साउंडवाल्या पोरानं हेडफोन काढला नव्हता. कर्रर्र, पाऊल. कर्रर्र, पाऊल. मग बांगड्या. मग कुणाला तरी हाक, “चाल वं, ऊन वर येस.” मग गल्लीच्या वळणावर नुसती खरखर, आणि सिग्नल गेला.