चिठ्ठीवर नाव आईचं

[दृश्य : लांब टेबल. चमकदार कागदात खोकं बांधणारे दोन हात. कात्रीचा आवाज.]

कागद नेहमी बोटभर कमीच पडतो. मग खोकं तिरकं फिरवायचं, कोपरे आत दुमडायचे. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवलेत. सकाळपासून किती खोकी बांधली, ते या बाईंनी मोजलेलं नाही. पण हातातल्या खोक्यात काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. आठ वर्षांच्या एका मुलीसाठी रंगपेटी. त्या मुलीला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

[दृश्य : चिठ्ठी, अगदी जवळून. मुलीचं नाव धूसर.]

ही चिठ्ठी बघा. वर मुलीचं नाव, ते आम्ही पुसट केलंय. खाली एकच शब्द : 'आईकडून'.

रंगपेटी विकत घेतली चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी. बांधली या बाईंनी. घरी पोचवणार तिसराच कुणी. तिघांपैकी एकाचंही नाव खोक्यावर नाही. जिचं आहे, ती तुरुंगात आहे.

अमेरिकेत या कामाला 'एंजल ट्री' म्हणतात. देवदूतांचं झाड. नाताळात बंदिवानांच्या मुलांपर्यंत भेट पोचवायची, पण ती त्या आईबापांच्या नावानं. ख्रिस्ती मंडळ्या 1982 पासून हे करतायत. सुरुवात ज्या बाईनं केली, ती एकेकाळी बँका लुटायची.

[दृश्य : पहाटेचा हमरस्ता. गाडीच्या काचेतून कुंपण सरकतंय.]

अलाबामा राज्य, वेटम्पका गाव. हा ज्युलिया टटवायलर महिला तुरुंग, 1942 सालचा. रस्त्यावरून एवढंच दिसतं : कुंपण, वर काटेरी तारांची वेटोळी, आणि फाटकापाशी उजाडल्यावरही विझवायचा राहिलेला एक दिवा.

ज्यांचं नाव या तुरुंगाला दिलंय, त्या टटवायलरबाई शिक्षिका होत्या. अलाबामात तेव्हा कैदी भाड्यानं देत. कोळशाच्या खाणीत, कारखान्यात. पैसा सरकारच्या तिजोरीत. त्याविरुद्ध त्या आयुष्यभर बोलत राहिल्या. कैद्यांना शिकवा म्हणाल्या, बायकांना पुरुषांपासून वेगळं ठेवा म्हणाल्या. 1916 साली त्या गेल्या आणि कैदी भाड्यानं देणं थांबलं 1928 साली. लोक त्यांना कैद्यांची देवदूत म्हणत. झाडावरचे कागदी देवदूत फार नंतरचे. हा शब्द या भिंतींना आधीपासूनच चिकटलेला होता.

[दृश्य : उघडं बायबल. कोपरे दुमडलेली पानं.]

1970च्या दशकात इथं मेरी के बियर्ड शिक्षा भोगत होत्या. बँक दरोडे, तिजोऱ्या फोडणं. शिक्षा 21 वर्षांची. कोठडीत वाचायला बायबल मिळालं. यहेज्केलाच्या पुस्तकातल्या 36व्या अध्यायातलं एक वचन त्यांना भिडलं. देव तिथं म्हणतो, पाषाणमय हृदय काढून टाकून मी तुम्हांला मांसमय हृदय देईन. तिजोऱ्या फोडलेल्या बाईला हेच वाक्य सापडावं, याला योगायोग म्हणणारे म्हणोत.

त्यांनी सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांतल्या नाताळांत त्यांनी एक गोष्ट पाहिली, आणि हे सगळं तिथून निघालं.

[दृश्य : टेबलावर साबणाची वडी, शांपूची छोटी बाटली, टूथपेस्ट. हळूहळू जवळ.]

नाताळ आला की चर्चमधले लोक तुरुंगात यायचे आणि बायकांना लहानसहान वस्तू द्यायचे. साबण, शांपू, टूथपेस्ट. बाहेर या वस्तूंकडे कुणी वळूनही बघत नाही. आत मात्र चांगला वासाचा साबण ही चैन. तरी कितीतरी बायका तो वापरायच्या नाहीत. बाजूला ठेवायच्या. मिळेल त्या कागदात गुंडाळायच्या. मुलं भेटायला आली की ते पुडकं त्यांच्या हातात.

मुलांना साबणाचं काय कौतुक? पण पोरं पुडकं सोडायची, आणि आईनं काहीतरी दिलं म्हणून हरखायची. तुरुंगातल्या बाईला लोक येऊन देतात, ती घेत राहते, सतत घेत राहते. स्वतःच्या हातानं कुणाला काही द्यावं, एवढी एकच गोष्ट तिला कुणी देत नाही. बियर्डबाईंना ते कळलं, कारण त्या त्याच रांगेत उभ्या होत्या. बाहेरून आलेल्या भल्या माणसाच्या हे लक्षातही आलं नसतं.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. मॉन्टगोमेरी शहर.]

सुटल्यावर काही वर्षांनी, 1982 साली, त्या 'प्रिझन फेलोशिप' या कैद्यांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या अलाबामातल्या प्रमुख झाल्या. ही संस्था 1976 सालची. संस्थापक चार्ल्स कोल्सन, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आतल्या गोटातले. वॉटरगेट या राजकीय घोटाळ्याच्या काळात न्यायदानात अडथळा आणल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला आणि सात महिने कैद भोगली, त्यातला काही काळ इथंच, मॉन्टगोमेरीतल्या मॅक्सवेल तुरुंग-छावणीत. म्हणजे संस्था काढणारा कैदी, तिचं काम उभं करणारीही कैदी. 'मी बंदिशाळेत होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात' हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वाक्य मंडळीत नेहमी ऐकू येतं. या दोघांनी ते गजांच्या दोन्ही बाजूंनी ऐकलं होतं.

बियर्डबाईंकडे पहिलंच काम आलं ते नाताळच्या उपक्रमाचं. त्यांना साबणाची पुडकी आठवली.

[दृश्य : नाताळचं झाड. फांद्यांवर लाल आणि हिरवे कागदी देवदूत.]

मॉन्टगोमेरी आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांतल्या मॉलमध्ये त्यांनी नाताळची झाडं उभी केली. झाडावर कागदाचे देवदूत. मुलींसाठी लाल, मुलांसाठी हिरवे. प्रत्येकावर एका बंदिवानाच्या मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि त्याला काय हवंय ते. खरेदीला आलेल्या माणसानं एक देवदूत काढून घ्यायचा, त्यावरची वस्तू आणून द्यायची. बस्स.

पहिल्याच वर्षी 556 मुलांना भेटी मिळाल्या.

(एक खुलासा, कारण घोटाळा नेहमी होतो. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचंही याच नावाचं झाड असतं. ते 1979 साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला सुरू झालं, आणि ते सगळ्याच गरजू मुलांसाठी आहे. झाड सारखं, काम वेगळं.)

[दृश्य : अर्जाचा कागद. पेन. मग फोनवर बोलणारी स्वयंसेविका.]

आता काम कसं चालतं ते बघू. नाताळच्या कितीतरी आधी तुरुंगात अर्ज वाटले जातात. आई किंवा बाप तो स्वतः भरतो. मुलाचं वय, सध्या कुणाकडे राहतो, भेट काय द्यावी, आणि सोबत दोन ओळींचा निरोप. या दोन ओळींसाठीच म्हणे सगळ्यात जास्त वेळ लागतो. नवल नाही. वर्षभर न भेटलेल्या मुलाला दोन ओळींत काय लिहाल?

मग अर्ज मंडळीकडे येतो आणि फोन सुरू होतात. झाड, कागद, रिबिनी हे सगळे हौसेचे भाग. खरं काम फोनचं. नंबर बदललेला असतो, घर बदललेलं असतं. लागलाच तर पलीकडे बहुतेक वेळा आजी. आधी संशय : तुम्ही कोण, माझ्या मुलीचं नाव तुम्हाला कुणी दिलं, पैसे किती लागतील? पैसे लागत नाहीत हे तीनतीनदा सांगावं लागतं. मूल सांभाळणाऱ्याचा होकार आल्याशिवाय पुढं काही होत नाही.

या बघा. चष्मा कपाळावर, समोर यादी, पेन्सिलीनं खुणा. एका नावापुढं त्यांनी लिहिलंय, 'रात्री आठनंतर. आजी कामावर.'

भेटीबरोबर येशूच्या शुभवर्तमानाचा निरोपही जातो. यावर नाक मुरडणारे आहेत. पण मंडळी हे लपवत नाही, आणि रात्री आठनंतर पुन्हा फोन लावायला नाक मुरडणारं कुणी आलेलं आम्हाला दिसलं नाही.

[दृश्य : गाडीची डिकी. रचलेली खोकी. एक पायरी, दार, बेल.]

दार उघडतं. मागून एक मुलगा डोकावतो, पायात एकच मोजा. खोकं त्याच्या हातात. तो आधी चिठ्ठी वाचतो.

[दहा सेकंद निवेदन नाही.]

अमेरिकेच्या न्याय खात्यानं 2016 साली केलेल्या पाहणीनुसार, राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांतल्या आईबापांची अल्पवयीन मुलं तेव्हा सुमारे 15 लाख होती. नाताळनंतरच्या जानेवारीत त्यांचं काय होतं, हे या खोक्यांच्या आवाक्यातलं नाही. टटवायलर तुरुंगातल्या बायकांवर कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारांवर याच खात्यानं 2014 साली कडक अहवाल दिला. तो विषय वेगळ्या फिल्मचा.

[दृश्य : पुन्हा हॉल. संध्याकाळ. टेबलं आवरली जातायत. झाडावर तीन देवदूत उरलेत.]

उपासना संपून लोक पांगलेत. रंगपेटी बांधणाऱ्या बाई जमिनीवरचे कागदाचे कपटे गोळा करतायत. टेबलाच्या कडेला चिकटपट्टीचा एक तुकडा उरलाय, तो त्यांनी मनगटाला लावून घेतला.

दाराशी गेलेले एक गृहस्थ परत फिरतात. कोट घातलेला, हातात गाडीची किल्ली. झाडापाशी येऊन हिरवा देवदूत काढतात, दिव्याखाली धरून वाचतात.

"बूट म्हटलंय," ते विचारतात. "पण नंबर कुठंय?"

बाई हातातले कपटे टेबलावर ठेवतात आणि यादी शोधू लागतात.