माळ्यावरचे तीनशे किलो

अध्यक्षबाई आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘छंद आणि घरातली अडगळ’ असा छापलाय. फोनवर मी ‘संग्रह’ म्हणाले होते. असो, छापून आलंय ते आलंय.

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. कोथरूडात आता कोणाची राहिलीय? बिल्डर भाडं देतो, वाढीव कार्पेट देतो, पण माळा काही देत नाही. आणि माझ्या माळ्यावर ग्रामोफोनच्या 1,400 तबकड्या होत्या, अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, लाखेच्या. दहा इंची एक तबकडी दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम भरते. हिशेब मी कधी केलाच नव्हता, तो टेम्पोवाल्यानं केला. “काकू, तीनशे किलो? लोखंड भरलंय का?”

निम्म्याहून जास्त जुन्या बाजारातल्या. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. बुधवारी बँकेत माझं काउंटर असायचं, म्हणून रविवार. घरी सांगायचं, मंडईत जाऊन येते. पिशवीत वर कोथिंबीर, खाली तबकड्या. हसताय काय, इथे बसलेल्या किती जणींच्या घरी साड्या अशाच आल्यात ते मला माहीत आहे.

पुण्यात संग्रह करणाऱ्याला एक खास रोग होतो. केळकर संग्रहालय आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत अडकित्ते, दिवे, वाद्यं जमवली, हजारोंनी जमवली, आणि 1975 साली सगळं सरकारला देऊन टाकलं. ते पाहून आलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याही माळ्याचं एक दिवस असंच होणार. मलाही वाटायचं. दाराशी तिकीटखिडकी कुठे बसवायची तेसुद्धा ठरवलं होतं. फरक एवढाच, की केळकरांना कोणता दिवा कुठून आणला ते ठाऊक होतं.

माझं मला ठाऊक नव्हतं, हे कसं कळलं ते सांगते. आमचे हे तिसऱ्या रांगेत बसलेत, मान वळवून बघू नका. ह्यांचा स्वभाव इंजिनियरचा, दिवाळीची साफसफाई म्हणजे प्रकल्पच. मी भाजीला गेले. खरंच भाजीला. ह्यांनी माळ्यावरचं एक खोकं उतरवलं, औषधाच्या डब्यातलं स्पिरिट घेतलं, कापूस घेतला आणि बसले पुसायला. चष्मा पुसतात तसं. कापूस काळा झाला. ह्यांना वाटलं, बघा, किती मळ साठलाय! म्हणून आणखी घासलं. जितकं घासावं तितकं काळं. मी आले तेव्हा अकरा तबकड्या झाल्या होत्या, आणि बारावी हातात.

आता ही तबकडी कशाची असते? लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी. लाख कशात विरघळते ते कुठल्याही सुताराला विचारा. चपडा लाख स्पिरिटमध्ये घालूनच तर तो फ्रेंच पॉलिश करतो. म्हणजे कापसावर जे आलं होतं ते गाणं होतं. हे म्हणतात, “पण चकाकतायत बघ.”

मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कोणकोणत्या गेल्या ते वहीत लिहायला बसले, तर दोनच आठवल्या. उरलेल्या नऊ कोणाच्या, कोणतं गाणं, काही नाही. लेबलं वाचली तरी आठवेना. रडले ते त्या दोघींसाठीच, नऊजणींचा नुसता राग. ते आजवर ह्यांना सांगितलं नव्हतं. आता कळलं.

1902 साली कोलकात्यात गायिका गौहर जान ध्वनिमुद्रणाला बसली, तेव्हा गाणं संपताना तिनं स्वतःचं नाव पुकारलं होतं. माळ्यावरच्या वस्तूंनीही अशी नावं पुकारली असती तर…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? चहा आला म्हणे. मग मुख्य विषय, संग्रह कमी कसा करायचा तो, भराभर सांगते.

पहिलं, दुबार काढा. लेबलाचा रंग बदलला, क्रमांक बदलला, म्हणून तबकडी वेगळी ठरत नाही. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मेट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाचा क्रमांक, पाहा. तो तोच असेल तर मुद्रणही तेच. माझ्या अशा दोनशेच्या वर निघाल्या. दुसरं, कुंपण घाला. 1932 ला मराठी बोलपट आला. त्याच्या आधीच्या, आणि त्यातही फक्त गायिकांच्या, एवढ्याच मी ठेवल्या. बालगंधर्व मोठे आहेत, पण ते सगळ्यांकडेच आहेत. जीव तुटला, तरी दिले. तिसरं, देण्याआधी आवाज उतरवून घ्या, पण एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकड्यांची, सुई लावू नका. अठ्ठ्याहत्तरची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. चौथं, राहिलेल्या उभ्या ठेवा. थप्पी लावली की खालच्या तडकतात. पाचवं होतं मुलांना विचारावं की नाही ते. विचारू नका, “आई, सगळं यूट्यूबवर आहे” एवढंच ऐकायला मिळतं.

माझ्याकडे आता 260 आहेत, एका कपाटात.

दाराशी खोक्यात चाळीस ठेवल्यात. एकानं एकच घ्यायची, आणि घरी यंत्र असेल त्यानंच. भिंतीवर टांगायला मिळणार नाही. धूळ काढायला मऊ ब्रश वापरा. कशानं पुसू नये ते आमचे हे सांगतील.