पाकोळ्यांची गुहा

सिंधुदुर्गातल्या निवतीच्या बंदरातून होडी सुटली की किल्ल्याचा डोंगर बराच वेळ पाठीशी दिसत राहतो. समोर आधी दिसतं ते दीपगृह, मग लाटांत उभे असलेले कातळ. हीच वेंगुर्ला रॉक्स नावाची खडकाळ बेटं. इथे गाव नाही, शेत नाही, वाळूची पुळणही नाही. होडी लावायची तर समुद्र शांत हवा आणि होडी चालवणारा तांडेल जाणता हवा. वाटेत डॉल्फिन दिसले तर पाहून घ्या. पाठीवर उंचवटा असलेले हे डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतात.

आता सुकती, म्हणजे ओहोटी लागली आहे. कातळाचा खालचा भाग उघडा पडलाय, त्यावर कालवं आणि बार्नेकल नावाचे छोटे कवचधारी जीव दाटीनं चिकटलेत. एकाच बार्नेकलवर नजर ठेवा. पाणी ओसरलं, कवचाचं तोंड मिटलं. लाट आली, तोंड उघडलं आणि आतून पिसासारखे बारीक पाय बाहेर आले. वाहत्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून घेतले की पाय पुन्हा आत. एकदा दगडाला चिकटलेला हा प्राणी जन्मात जागा सोडत नाही.

वरच्या कपारी सुरयांच्या. पावसाळ्याच्या तोंडावर हे समुद्रपक्षी इथे विणीसाठी येतात. त्यांतली एक जात दगडाच्या आडोशाला एकच अंडं घालते, तेही उघड्या कातळावर.

पण या बेटांचं खरं वैभव कातळातल्या एका काळ्या फटीच्या आत, गुहेत आहे.

आत पाकोळ्या राहतात. आपल्या मुठीत मावेल एवढा, करड्या-तपकिरी रंगाचा पक्षी. पाय इतके आखूड की फांदीवर बसता येत नाही, भिंतीला लटकूनच राहायचं. गुहेत उजेड संपतो तिथून पुढे तो टिकटिक असा आवाज काढतो, त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट शोधतो. वटवाघळाचा आवाज आपल्या कानांना बहुधा ऐकू येत नाही, पाकोळीची टिकटिक मात्र स्पष्ट ऐकू येते.

आणि घरटं! पाकोळी ते स्वतःच्या लाळेनं बांधते. लाळेचा धागा दगडाला लावायचा, तो वाळला की त्यावर दुसरा. त्यात पिसं, काड्या चिकटवायच्या. असं करत अर्ध्या वाटीएवढं घरटं भिंतीला उभं राहतं. त्यात साधारण दोन अंडी.

पक्षीअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९४०च्या सुमारास इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहून ठेवलं. ही लाळेची घरटी परदेशात सूपसाठी मोठ्या किमतीला विकली जातात. त्यासाठी चोरांनी याच गुहेत बांबूचे मचाण उभारून घरटी खरवडून नेली. घरटं गेलं की पाकोळी पुन्हा लाळ गाळून नवं बांधायला घेते. पण तेवढ्यात विणीचे दिवस निघून जातात आणि पाऊस अंगावर येतो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनं ही चोरी उघडकीस आणली, संरक्षणासाठी पाठपुरावा केला. त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

विणीच्या दिवसांत आमचा कॅमेरा गुहेच्या तोंडापलीकडे गेला नाही. तुम्हीही होडीनं आलात तर बाहेरूनच पाहा. टॉर्च मारू नका, फटाका वाजवू नका, तांडेलाला आत घ्यायची गळ घालू नका. संध्याकाळी बाहेरच थांबलात तर दिवसभर उडते कीटक टिपून परतणाऱ्या पाकोळ्या डोक्यावरून झपाट्यानं आत शिरताना दिसतील.