शेकोटीच्या राखेत काय सापडतं

नमस्कार श्रोतेहो.

सुट्ट्या जवळ आल्या की ग्रुपचे बेत सुरू होतात. कुठे जायचं, तंबू कोण आणणार, निघायचं किती वाजता. कचऱ्याचा विषय मात्र निघतो तिथे पोहोचल्यावर, पहिलं जेवण उरकून खरकटे हात धरून उभे असताना. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण रानात जो कचरा होतो तो आपणच घरून बांधून नेलेला असतो. लक्षात ठेवा, घरून बांधून नेलेला असतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही अठरा जण एका तळ्याकाठी दोन रात्री मुक्कामाला गेलो होतो. सामान सोडलं तर मिठाचे अकरा पुडे निघाले. अकरा! प्रत्येकाला वाटलं, बाकीचे विसरतील. कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. रात्री शेकोटी पेटली, गप्पा रंगल्या आणि हातातलं रिकामं पाकीट आगीत गेलं. एकाने टाकलं म्हणून दुसऱ्याने टाकलं. मीही तीन-चार टाकली. भर्रकन पेट घ्यायची, वाटायचं, संपलं.

शेवटच्या सकाळी आवराआवर झाली, सॅक पाठीवर चढल्या. आमच्यात एक ज्येष्ठ ताई होत्या, उभं आयुष्य डोंगरात काढलेल्या. त्या शेकोटीपाशी उकिडव्या बसल्या, पालथ्या हाताने राख गार झाल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, "सॅक उतरवा. सगळे इकडे या." आणि त्यांनी राखेत बोटं घातली.

आधी निघाले चंदेरी कपचे. चकचकीत पाकिटांना आतून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. प्लॅस्टिक जळतं, त्याचा विषारी धूर आपल्याच छातीत जातो, पण धातू मागे उरतो. फॉइलचंही तेच. अ‍ॅल्युमिनियम वितळायलाच ६६० अंश सेल्सिअस लागतात, आणि वितळलं तरी ते नाहीसं होत नाही. मग दगडाला चिकटलेला एक काळा गोळा सापडला. ताईंनी तो उलटा केला, तर त्यावर बाटलीच्या झाकणाच्या बारीक खाचा अजून दिसत होत्या. आम्ही अठरा जण त्या राखेभोवती सव्वा तास बसलो होतो. कोणी बोलत नव्हतं. एक अख्खी पिशवी भरली, आणि ताईंनी ती स्वतःच्याच सॅकला बांधली.

तेव्हापासून आमची यादी एकच असते आणि ती एकाच माणसाकडे असते. पुडे घरीच फोडायचे आणि सामान डब्यांत भरून न्यायचं. ताट, वाटी, पेला ज्याचं त्याने आणायचं. माणशी मोजून शिधा घेतला की शिळं उरत नाही. फळांची सालंही परत आणायची. ती कुजायला महिनोन्महिने लागतात, आणि वासाने आलेल्या जनावरांना माणसांजवळ खाणं शोधायची सवय लागते. ओले वाइप्स बहुधा प्लॅस्टिकच्या धाग्यांचे असतात, म्हणून ते मातीत पुरायचे नाहीत, परत आणायचे. भांडी पाण्यापासून ६० मीटर दूर घासायची, साबण कितीही निसर्गस्नेही असला तरी. जे नेलं ते परत आणायचं. एव्हरेस्टवर जाणाऱ्याने आपल्या सामानाखेरीज ८ किलो कचरा खाली आणावा, असा नियम नेपाळने २०१४ साली केला. तिथून, त्या उंचीवरून, माणसांनी आणला. आपल्याला गाडीपर्यंतच तर आणायचाय.

आणि हो, तंबू उसवला म्हणून टाकून देऊ नका, शिवा. सुई-दोरा मुलग्यांच्याही हातात द्या. बटण लावता न येणारा मुलगा मोठा झाला असं मी मानत नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि घरातही मी ते बोलून दाखवते.

तर, यादी एक आणि पुडे घरीच फोडलेले. पुढच्या वर्षी आम्ही त्याच तळ्यावर गेलो. मीठ एका डब्यात होतं, माझ्या सॅकमध्ये. शेवटच्या सकाळी ताई पुन्हा राखेपाशी बसल्या. बराच वेळ चाचपून त्यांच्या हाती दोन पिना लागल्या. पेटवणासाठी कोणीतरी जुनी वही आणली होती, तिच्या होत्या त्या. ताईंनी त्या पुसल्या आणि खिशात टाकल्या.

नमस्कार.